आडवं फाटणारं चित्र

मी लालबागच्या ज्या गेमिंग कॅफेत कामाला होतो, तिथे एक काकू दुपारी एकट्याच यायच्या. पदर खोचून, ओठ आवळून रेसची गाडी पळवायच्या. वळणावर स्क्रीनवरचं चित्र मधूनच आडवं फाटायचं, वरचा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे सरकायचा, पण त्यांना त्याचं काही नसायचं.

एकदा त्या पाणी प्यायला उठल्या, तेव्हा मी न विचारताच त्यांच्या मशीनवर व्हीसिंक हे चित्र सांधून ठेवणारं सेटिंग चालू केलं. चित्र फाटायचं थांबलं, पण गाडी किंचित उशिरा वळू लागली. काकू सारख्या कठड्यावर आदळू लागल्या. शेवटी बोटं चोळत, ओशाळून म्हणाल्या, "हातच चालत नाहीत रे आता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काकू, सेटिंग मी बदललं होतं," म्हणत मी ते बंद केलं.

"फाटू दे चित्र," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "गाडी माझं ऐकते ना, बस झालं."