सगुणाबाईंचा दुसरा तांब्या

एका गावाची अख्खी विहीर मी एकदा लाल करून टाकली होती. रागानं नव्हे, सूड म्हणूनही नव्हे. निव्वळ शहाणपणाच्या भरात. वय अठरा, व्हर्नाक्युलर फायनल पास, नगरात चर्चच्या शाळेत मुलींना बेरजा शिकवणारी मास्तरीण, वेणीला रिबन, आणि कागदावर लिहिलेलं ते सगळं खरं, असा ठाम विश्वास. त्या मूर्खपणाची शिक्षा मला व्हायची ती झाली सगुणाबाईंना. आणि त्या सगुणाबाई दीड महिन्यापूर्वी गेल्या. त्यांच्या सुनेचा फोन आला, "सकाळी चहा मागितला, दोन घोट घेतले, आणि... बशी हातातच राहिली." मी फोन ठेवला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू? पण मनात पहिला विचार आला तो हा, की आता खरं सांगायला हरकत नाही. सत्तरी उलटली तरी माणूस काही सुधारत नाही!

सगुणाबाई आमच्या चर्चच्या मंडळीच्या बायबलबाई. गावोगाव पायी हिंडून बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, बाळंतिणीची विचारपूस करायची, खरुजेनं भरलेल्या पोरांना कडुनिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, हे त्यांचं काम. स्वतः वाचायला शिकल्या पंचविशीत, त्यामुळे ओळीखाली बोट धरून वाचायच्या. मी तोंडावर पदर घेऊन हसायची. लढाईची वर्षं होती. एका उन्हाळ्यात नेवाशाकडच्या गावांत पटकी शिरली. रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सगळ्यांना थांबवलं. दवाखान्यातून विहिरीत टाकायचं लाल औषध मिळतंय, ते घेऊन कोण जातं, म्हणून विचारलं. मंडळीतले एक वडीलधारे उठले. "ज्या विहिरीच्या कठड्याला आपल्या बापजाद्यांना हात लावू दिला नाही, तिच्यात आपण औषध टाकायचं?" खोटं नव्हतंच ते. मग मागच्या सतरंजीवरून सगुणाबाई म्हणाल्या, "टाकायचं. पन गावाच्या इहिरीत आन् महारवाड्याच्या इहिरीत, दोन्हींत एकाच दिवशी. न्हाईतर कुठंच न्हाई." तसा ठराव झाला. त्यांच्याबरोबर जायला मी हात वर केला. सेवाभाव वगैरे काही नाही, बैलगाडीतून फिरायला मिळेल म्हणून.

गाव घोडेगावच्या पुढं, आडरस्त्याला. नाव सांगत नाही, तिथं माझ्या नातसुनेचं माहेर आहे. वेशीतून आत गेलो तर चार दारांना कुलपं, कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. पाटलांच्या घरात त्यांचा नातू ओकून ओकून निपचित पडलेला. तरी पाटील म्हणाले, "आदी खालच्या इहिरीत टाका. चार दिस बगू काय व्हतंय, मग आमच्या."

"ती मानसं तुमच्या औषधाची चव बगायला ठिवल्यात व्हय, पाटील?" सगुणाबाई म्हणाल्या. "आज दोन्हींत. आन् आदी तुमच्या."

पाटलांनी आत निपचित नातवाकडे पाहिलं. मग मान्य केलं, पण एका अटीवर: आमचा हात पाण्याला लागता कामा नये. बादली पाटलांच्या गड्याची, आम्ही वरून औषध सोडायचं, आणि त्यानं ते विहिरीत ओतायचं. "चिमूट चिमूट टाक," बाई मला म्हणाल्या, "पानी गुलाबी दिसलं की थांब," आणि त्या आजारी नातवाला दारातूनच बघायला गेल्या. चिमूट? माझ्याकडे दवाखान्याची चिठ्ठी होती, तीवर माप लिहिलेलं होतं! मी ते काटेकोर मोजलं आणि सगळं त्या बादलीत सोडलं. ते माप भरल्या विहिरीचं होतं. वैशाखात तळाला गुडघाभर पाणी उरलंय, हे बघायला वाकावं लागतं... आणि मी वाकलेच नव्हते.

पहिली घागर वर आली तशी ती ओढणारी बाई किंचाळली, "रगत! इहिरीत रगत!" डाळिंब फोडल्यासारखं लाल पाणी तिच्या पायांवर सांडलं होतं. कुलपं लावलेल्या गावात एवढी माणसं कुठून निघाली कोण जाणे. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात जू. "औषद न्हाई, इख घातलंय!" "बाटवलं ते बाटवलं, वर आमाला मारायला निगाल्या!" मी खाली महारवाड्याकडे पाहिलं. तिथली माणसं अंगणात गोळा झाली होती, आणि एक म्हातारी लेकरांना दंडाला धरधरून आत ढकलत होती. ती आमच्यासाठी घाबरली नव्हती. आमची गाडी तासाभरात निघून गेली असती. राहायचं तिला होतं. माझा आजा असल्याच एका वाड्यातला. बोर्डिंगात राहून मी ते विसरले होते, त्या म्हातारीनं क्षणात आठवण करून दिली.

"कुनी टाकलं?" पाटलांनी विचारलं.

ओरडा ऐकून सगुणाबाई नातवाजवळून धावत आल्या होत्या; मी त्यांच्या पाठीमागं, त्यांचा पदर मुठीत. "मी" म्हणायला तोंड उघडलं असेल, पण पदर तेवढा आणखी घट्ट धरला.

"म्या," सगुणाबाई म्हणाल्या. आणि गडी काही सांगायच्या आत त्यालाच, "दादा, बादली भर. तू वरून वत, मी माझा तांब्या धरते."

वरून धार पडली. निम्मं पाणी तांब्यात, निम्मं त्यांच्या अंगावर. मला वाटलं, गड्यानं फार उंचावरून ओतलं. त्या गटागटा प्यायल्या, तोंड पुसलं आणि तांब्या पुन्हा पुढं केला, "आनखी." दुसरा तांब्या मात्र थेंब न सांडता संपवला. मग त्यांनी विहिरीपासून चार हात अंतरावर मांडी घातली. "दिस मावळंस्तवर हितंच बसते. मला काय झालं तर माझं काय करायचं ते करा. पन ही पोर आन् खालची मानसं, यांस्नी बोट लावायचं न्हाई."

त्या दुपारीइतकी लांब दुपार मी पुन्हा पाहिली नाही. काठ्या खाली गेल्या होत्या, पण हातातून सुटल्या नव्हत्या. बाईंनी आवंढा गिळला की मी त्यांच्या तोंडाकडे बघायची. एकदा त्यांना उचकी लागली, तर सगळी गर्दी एक पाऊल पुढं आली. मी प्रार्थना करत होते... काय, तेही सांगते. "देवा, बाईंना वाचव" हे दुसरं वाक्य होतं. पहिलं होतं, "देवा, मला घरी ने."

सावल्या लांबल्या तेव्हा पाटलांची म्हातारी आई काखेत घागर घेऊन आली. बाईंच्या समोर उभी राहून तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मरायची आसती तर कवाच मेली आसती. सरका रं, घरात पानी न्हाई." आणि तिनं घागर विहिरीत सोडली. एकेक करून काठ्या घरी गेल्या. बाई उठल्या ते तडक महारवाड्यात. तिथल्या विहिरीत पोटापर्यंत वाकून त्यांनी स्वतःच्या हातानं चिमूट चिमूट औषध टाकलं, पाणी गुलाबी होईपर्यंत. अंधार पडायच्या आत. त्याच दिवशी.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी "आपल्या दोन धैर्यवान भगिनी" म्हणून आम्हाला उभं केलं. मी मान खाली घालून उभी राहिले. लोकांना तो विनय वाटला. सगुणाबाईंनी हळूच माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. पण माझी चूक त्यांनी जन्मात कुणाला सांगितली नाही.

मातीला गेले होते तेव्हा सुनेनं तो पितळी तांब्या माझ्या हातात ठेवला. "आई म्हणाल्या होत्या, मास्तरणीला द्या." बुडाला पोचा आहे. स्वयंपाकघरात खिडकीशी ठेवलाय. त्यात पाणी भरून प्यायला जाते आणि हात नको तितका घट्ट होतो... मग ती गाडी आठवते. गाव मागं पडलं होतं, बाईंचा पदर अजून ओला होता, त्यावर लालसर डाग उमटले होते. मी विचारलं होतं, "बाई, एक तांब्या प्यायलात ते समजलं. दुसरा कशाला मागितलात? भीती नाही वाटली?" त्यांनी गाडीवानाकडे एक नजर टाकली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या:

"अगं बाई, पयल्या तांब्याला हात इतका लटपटत हुता, निम्मं पानी अंगावर गेलं. लोकांनी ते वळखायच्या आदी दुसरा प्यावा लागला. आता तोंड मिट, मास्तरीणबाई, आन् फुडल्या गावाला आदी इहिरीत वाकून बग."