रणगोज्याचा प्लॉट

बाळापूर रोडवरच्या आमच्या प्लॉटवर पाया खोदायचा होता, त्याच दिवशी सकाळी ह्यांनी मिस्त्रीला परत पाठवलं. कारण काय, तर मुरमाच्या ढिगावर एक पाखरू बसलं होतं.

"रणगोजा आहे. वाळवंटातला पक्षी. थंडी काढायले आला."

"घरटं आहे का त्याचं इथं? अंडी?"

"नाही. उन्हं तापली की जाते तो."

"मग तवर आमी भाड्याच्या खोलीत राहायचं?"

ह्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. निवृत्तीनंतर ह्यांना दुर्बीण घ्यायला मीच लावलं होतं.

चिडून मी स्वतः बघायला गेले. मातकट रंगाचं, काळ्या गळ्याचं, मुठीत मावेल एवढं पाखरू. ढिगावरून खाली उतरायचं, तुरुतुरु पळायचं, मुंगी नाहीतर किडा टिपायचा, की पुन्हा ढिगावर. वर शेपटी हलवत आमच्याकडे असं बघायचं, जसा सातबारा त्याच्याच नावावर आहे. दुसरा रणगोजा कुंपणापाशी आला, तर त्याला पार नाल्यापर्यंत हाकलून आलं.

"गाणारा पक्षी म्हणता ना? मग गात काहून नाही?"

"गाणं तिकडं, त्याच्या मुलखात. इथं नुसतं चकचक करते."

म्हणजे गाणंही आमच्या वाट्याला नाही!

मिस्त्रीचा फोन आला. "ताई, मी परतवाड्याले काम धरलं. साहेबांचं पाखरू उडालं की सांगजा." मागे त्याची माणसं हसत होती.

होळीच्या आधीच एका सकाळी ढीग रिकामा दिसला. हे दोन-तीन दिवस नाल्याच्या काठाने शोधत फिरले, जेवणात लक्ष नाही. "त्याच्या घरी गेला असेल हो," अशी समजूत मलाच काढावी लागली. मिस्त्री मोकळा झाला तो थेट मे महिन्यात. अकोल्याच्या त्या उन्हात पायाच्या बांधकामाला टँकरचं पाणी मारता मारता माझे हात सोलून निघाले.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही नव्या घरात होतो. रणगोजा आला, पण आमच्याकडे नाही. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, दगडावर बसला. हे रोज गच्चीवर. मला वाटलं, चला, आता कुणाला त्रास नाही.

मग एका सकाळी त्या प्लॉटवर जेसीबी आला. हे चहा तसाच टाकून उठले, पायात चपला सरकवल्या.

"कुठं निघाले?"

"काही नाही. मालकाशी दोन शब्द बोलतो."

मी धावत जाऊन गेटला कुलूप लावलं.