गुडघ्याखालची ढोलक

बायजीपुऱ्यातल्या अनिसाआपांची ढोलक ज्या लग्नात वाजली नाही, ते लग्न लागलं असेल, पण साजरं झालं असं आपा मानत नाहीत. आसपासच्या गल्ल्यांत कुणाच्याही मुलीची हळद असली, म्हणजे घरच्या भाषेत मांजे असले, की गेली चाळीस वर्षं पहिला निरोप आपांना. सतरंजीवर मांडी घालायची, ढोलक आडवी ठेवून उजव्या गुडघ्याखाली घट्ट दाबायची आणि वरमाईच्या नाकापासून नवरदेवाच्या बुटापर्यंत सगळ्यांची गाण्यातून अशी हजेरी घ्यायची, की वरपक्षाच्या बायकांना हसावं की रुसावं ते कळू नये.

आणि नेमका तोच उजवा गुडघा संपावर गेला.

सकाळी उठल्यावर पाय सरळ होईना. न्हाणीपर्यंत जायचं तर भिंतीला धरून. खाली बसल्या की उठायला नात लागायची. "महेजबीन, हाथ दे गे!" ही हाक दिवसातून दहा वेळा घरात घुमायची आणि महेजबीन हातातलं पुस्तक उलटं ठेवून यायची, दादीला ओढून उभी करायची, पुन्हा जाऊन वाचायची. दादीचं वजन काही कमी नव्हतं, पण पोरगी कधी कुरकुरली नाही.

तिचं लग्न खुलताबादला ठरलं. मांजे दोन महिन्यांवर आले. आपांचा मुलगा अझहर, म्हणजे नवरीचा बाप, प्रेमानंच म्हणाला, "अम्मी, तुम्ही आराम करा. मी मोठा स्पीकर आणतो. मोबाईल जोडला की काम झालं."

दोन दिवस आपा त्याच्याशी बोलल्या नाहीत. सख्ख्या नातीच्या मांज्यात भोंगा वाजणार आणि आपण कोपऱ्यात खुर्चीवर बसून पान चघळणार? त्यापेक्षा आपण जाऊच नये, असंही त्या म्हणाल्या. कार्यक्रम स्वतःच्याच घरात होता, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटी महेजबीननं त्यांना रिक्षात घातलं आणि दीपमालाकडं नेलं. दीपमाला फिजिओथेरपिस्ट, मूळची करमाडची, वयानं लहान आणि जिभेनं तिखट.

"आपा, गुडघ्याची झीज झाली. ती काय भरून येत नाय," गुडघा दाबून, वाकवून बघत ती म्हणाली. "पण मांडीत जोर आला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. दुखणं कमी होतं."

"मग जोराची एखादी गोळी दे ना बेटा."

"गोळीचं डॉक्टरला विचारा. मी तर तुम्हाला कामाला लावणार."

कामं तीन. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, पंजा आपल्याकडं ओढायचा आणि पाच मोजेपर्यंत धरून ठेवायचा. आणि हात छातीवर बांधून, कशालाही न धरता, खुर्चीवरून दहा वेळा उठायचं.

"आणि ढोलक?" आपांनी हळूच विचारलं.

"जमिनीवर मांडी आता नको. लाकडी तख्तावर बसा, डावा पाय खाली सोडा, उजवा जरासा दुमडून ढोलकीवर. तेवढी ताकद आली तर मी सोता ऐकायला येते."

बाहेर पडताना महेजबीननं दादीचा दंड धरला. "दादी, ढोलकीचं सोडा. मी गेल्यावर तुम्हाला उठवणार कोण?"

ढोलकीच्या नादात आपांनी तो हिशेब केलाच नव्हता आणि आता तो त्यांच्या जिवाला लागला.

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू. पण एक दोन तीन असे आकडे मोजणं हे काय कलावंताचं काम आहे? आपांनी ते गाण्यावर बसवलं. आणि गाणं कुठलं, तर मांज्यातलं, ज्यावर पोरीबाळी नाचून घाम गाळतात ते! पाय खटाखट वर, खटाखट खाली. समोरच्या घरातल्या भामाबाईंचेही गुडघे दुखायचे, त्याही खुर्ची घेऊन आल्या आणि ताल धरू लागल्या. चौथ्या दिवशी दोघींचे गुडघे सुजले.

दीपमालानं कपाळावर हात मारला. "आपा, हे काय वरात हाय का? हळू करायचं. सावकाश!"

आता मांज्याची गाणी हळू म्हणता येत नाहीत. हळू गाणी आपांकडं एकाच जातीची होती, रुखसतीची, म्हणजे मुलगी सासरी निघताना म्हणायची. सूज उतरल्यावर ती सुरू झाली. पाय वर, बाबुल का आंगन. पाय खाली, भय्या की गली. ताल अगदी अचूक बसला. पण रुखसत म्हटली की आपांच्या डोळ्यांना धार लागायची. दोन लेकी बिडकीनला दिलेल्या भामाबाई आपांच्या आधी सुरू व्हायच्या. रोज सकाळी आठ वाजता दोघी म्हाताऱ्या खुर्च्यांवर बसून पाय वर करून रडताहेत, हे बघून दूधवाला पहिल्या दिवशी दूध न घालताच परत गेला.

"दादी, मी अजून इथंच हाय!" महेजबीन आतून ओरडायची.

पण गुडघा ऐकू लागला. महिन्यानं भिंत सुटली. सहा आठवड्यांनी आपा शहागंजपर्यंत चालत जाऊन हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. दुखणं पार गेलं नाही, पण ते आता दबून होतं. आपांच्या घरात सगळेच तसे असतात.

मांज्याच्या दिवशी अझहरचा स्पीकर खोक्यातच राहिला. आपा तख्तावर बसल्या, उजवा गुडघा ढोलकीवर टेकवला आणि खुलताबादच्या व्याही मंडळींकडं बघून सुरुवात केली, "घाट उतरको आए समधी, बैठे घुटने पकडको!" वरपक्षातली सगळ्यात म्हातारी बाई खरोखरच गुडघे धरून बसली होती. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. दीपमाला शब्दाला जागली होती. ती मागं उभी राहून टाळ्या वाजवत होती.

दोन दिवसांनी रुखसत आली. दारात गाडी, गल्लीत गर्दी. महेजबीन सगळ्यांच्या गळ्यात पडून रडत होती. ओट्यावर आपा खुर्चीत होत्या. बायकांनी ते हळू गाणं सुरू केलं आणि आपांचा उजवा पाय आपोआप सरळ झाला, पंजा ओढला गेला आणि तसाच हवेत थांबला. महेजबीननं ते पाहिलं. भरल्या डोळ्यांनी ती फस्सकन हसली.

"दादी, पाच झाले! खाली घ्या!"

अशी हसतच ती गाडीत बसली. गाडी वळली. गर्दी पांगली.

आत जायला म्हणून आपांनी सवयीनं हात पुढं केला. "महेजबीन, हाथ दे गे!"

अझहर दारातच थिजला. भामाबाई लगबगीनं पुढं आल्या, पण आपांनी हात मागं घेतला. दोन्ही हात छातीवर बांधले, पाय जमिनीवर रोवले आणि कुणालाही न धरता उभ्या राहिल्या. मग परत खाली बसल्या. पुन्हा उठल्या.

दीपमालानं दहा सांगितले होते. आपा रडत रडत दहाही वेळा उठल्या.