पॅरिसची गावदेवी

धामणकर नाक्यावर कुणालाबी इचारा, पॉवरलूमचा मिस्त्री विमानात बसून पॅरिसला गेला असं दुसरं नाव सांगा म्हणावं. न्हाय सांगता येनार. सन शहात्तरला आमचा नवशा गेला. माझा धाकटा भाऊ. मी चौथीतनं शाळा सोडली, त्यानं सातवी केली, पण बंद पडलेला लूम त्याचा हात वळखतो.

नवशाच्या लूमवाल्या सेठला तिकडनं मशिनी आणायच्या होत्या. त्या पारखायला नवशा पायजे. मशिनींचा कारखाना पॅरिसच्या कडेलाच, आणि काम झालं की दोन दिवस मोकळे, फिरायला. त्या दोन दिवसांची आखणी मी केली! सेठनं फोटोंचं जाडजूड पुस्तक दिलेलं. पयल्या दिवशी लोखंडी टावर आणि चित्रांचा म्युझियम. दुसऱ्या दिवशी गावाबाहेर राजाचा महाल, त्यात नुसत्या आरशांचा दिवाणखाना. ते सगळं मी नाक्यावर सांगूनबी आलो.

घरी शेलार गावाला आलो तर आई चुलीपुढं. सगळं ऐकलंन आणि म्हणाली, "तिथली गावदेवी कोन?"

नवशा नवसाचा. तो जगावा म्हणून आईनं बोललेलं, पोर नव्या गावात गेलं की आधी तिथल्या गावदेवीच्या पाया पडंल, मग बाकीचं बघंल. वडप्याला मामाकडं गेला तरी तसंच.

"आई, ते गोऱ्या सायबांचं गाव हाय."

"मग? सायब काय रानात ऱ्हातात? गाव हाय तर राखणारी हाय. ती सापडली न्हाय तर माझं पोर जानार न्हाय."

नवशा खाली मान घालून म्हणाला, "दादा, आई न्हाय म्हनली तर मी बी न्हाय."

मी पुस्तक घेऊन वट्यावर बसलो. पानं उलटता उलटता एका फोटोवर हात थांबला. नदी दोन अंगांनी फुटलेली, मधी बेट, आणि बेटावर दगडी देऊळ. दारावर दगडाची माणसं, एकावर एक, मोजताच येत न्हायत. वर गोल खिडकी, रंगीत काचांची, आपल्या खळ्याएवढी! हे माणसांनी हातानं केलंय? मला बराच वेळ पान उलटवेना.

पुस्तक घेऊन सेठकडं पळालो. सेठ म्हणाला, "अरे दामू, ये तो बीबी मरियम का गिरजा है. वो लोग 'हमारी माँ' बोलते हैं." आणि माझ्या शब्दाखातर सेठ स्वतः शेलारला आला, आमच्या वट्यावर बसला.

आईनं इचारलं, "गावाच्या मधोमध हाय का?"

"बिलकुल बीच में, अम्मा. आठ सौ साल से."

"पोर हाय का तिला?"

सेठनं दुसरं पान काढलं. मूर्तीच्या कडेवर पोर. आई वाकून बघतच ऱ्हायली.

"कोंबडं लागतं?"

"नहीं अम्मा, सिर्फ मोमबत्ती."

"एवढ्यावर भागवते बिचारी," आई म्हणाली. मग नवशाकडं वळली, "पयला दिवस तिचा. दिवेलागणीपर्यंत तिच्यापाशी बसायचं. पाया पडून लगेच टावर बघायला पळायचं न्हाय."

म्हंजे टावर आणि म्युझियम गेले दुसऱ्या दिवसावर. राजाचा महाल आखणीतनं गेला. तो मी माझ्या हातानं काढला.

नाक्यावर चिंधूनं टोचलंच, "काय दामूशेठ, आरशांचा महाल फुटला वाटतं?"

"गप रे," मी म्हणालो. "राजाकडं कोनबी जाईल. माझा भाऊ पयला आईकडं जातोय."

निघायच्या दिवशी सेठ न्यायला आला तवा आईनं नवशाच्या हातात नारळ दिला. मग त्या फोटोवर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. एवढं भारी पुस्तक! मी सेठकडं बघितलं. सेठनं पुस्तक मिटलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

"रख लो, अम्मा. आपका ही है."