लेकीचा ‘ब’

आमची मुलगी जन्मली तेव्हा नर्सबाईंनी तिला माझ्या हातात देताना आधी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. बाळाचा वरचा ओठ नाकापर्यंत उघडा होता. रडायला तोंड उघडलं तेव्हा टाळूलाही मधोमध फट दिसली. मी नवी पेठेतला कापड दुकानदार, दिवसभर बोलण्यावरच जगणारा. त्या दिवशी मी नुसतं तिचं दुपटं सारखं करत राहिलो.

माझी आई, जिला आम्ही घरात अव्वा म्हणतो, पहिलं बोलली ते माझ्या बायकोशी. “ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?”

बायकोनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई नेमक्या तेव्हाच आत येत होत्या. त्यांनी विचारलं, “आजी, ग्रहण होतं तेव्हा हिला कितवा महिना होता?”

“सहावा.”

“ओठ आणि टाळू पहिल्या तीन महिन्यांतच जुळून येतात. हिचं तेव्हाच जुळायचं राहिलं. का राहिलं ते पुष्कळदा आम्हालाही सांगता येत नाही. पण भाजी चिरल्यानं नाही, एवढं नक्की.”

अव्वानं बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले, आणि सुनेच्या पायांवरची चादर नीट केली. तो विषय आमच्या घरात परत निघाला नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुढचं सगळं समजावलं. काही महिन्यांत ओठ शिवायचा, वर्षाची झाली की टाळू, मग बोलणं शिकवायचं. त्याआधी वजन वाढायला हवं. पण टाळू उघडी असल्यानं तिला दूध ओढता येईना, आणि पाजलेलं नाकातून बाहेर येई. अव्वानं कपाटातून बोंडलं काढलं. बोंडलं म्हणजे चोचीचं छोटं भांडं, लहानपणी मलाही त्यानंच पाजलेलं. “चालेल की,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उकळून घ्या, बाळाला बसतं धरा, थोडं थोडं सोडा आणि मधे मधे ढेकर काढा.” बायको दूध काढून द्यायची, अव्वा पाजायची. एका वेळेला अर्धा-पाऊण तास जाई. पोर गुटगुटीत झाली.

ओठाच्या ऑपरेशननंतर तिला पाहून मला रडू आलं. आनंदानं नव्हे. तिचं ते नाकापर्यंत जाणारं रुंद हसू मला आवडायला लागलं होतं, आणि ते आता दिसणार नव्हतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “मला वाटलं, मलाच तसं वाटतंय.” दोन आठवड्यांनी ती नव्या ओठानं हसली आणि आम्ही त्या हसण्याच्याही नादी लागलो.

टाळू शिवल्यावर तिनं तोंडात बोटं घालू नयेत म्हणून कोपरांना पट्ट्या बांधल्या होत्या. ते ताठ हात पसरून ती घरभर रांगायचा प्रयत्न करी आणि जो वाटेत येईल त्याला फटका बसे.

खरी गंमत झाली ती बोलायला लागल्यावर. तिला ‘ब’ येईना, त्याचा ‘म’ होई. त्यामुळं ती मला ‘मामा’ म्हणू लागली. तिचा सख्खा मामा होटगीला रेल्वेत आहे. तो दर रविवारी यायचा आणि भर दुकानात म्हणायचा, “बघा दाजी, लेक तुमची, पण नाव माझं घेती!” गिऱ्हाइकं हसत, मीही हसे. पण आतून थोडं लागायचं.

मग आम्ही तिला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडं नेलं. त्यांनी तिच्या नाकाखाली छोटा आरसा धरला आणि ‘बाबा’ म्हणायला सांगितलं. ती ‘मामा’ म्हणाली. आरशावर वाफ धरली. “बघा, ‘ब’ला हवा तोंडात कोंडावी लागते. हिची नाकातनं निसटतीय. टाळू आता चांगली आहे, तिला सवय लावायची.”

“शेजारी म्हणतात, शिट्टी फुंकायला द्या,” बायको म्हणाली.

“शिट्टी फुंकून शिट्टी येते. ‘ब’ यायला ‘ब’च म्हणावा लागतो. घरी कुठली भाषा बोलता?”

“मराठी. सासूबाईंशी कानडी.”

“मग दोन्ही चालू दे. कानडीत तर ‘ब’ भरपूर.”

अव्वानं हे मनावर घेतलं. कानडीत ‘हवं’ला ‘बेकु’ आणि ‘नको’ला ‘बेड’ म्हणतात. शेंगदाण्याचा लाडू समोर धरून अव्वा विचारी, “बेकु का बेड?” पोर “मेकु” म्हणे. अव्वा हळूच तिच्या नाकपुड्या चिमटीत धरून पुन्हा म्हणायला लावी. नाक बंद केलं की ‘ब’ निघे, सोडलं की पळे. लाडू मात्र दोन्ही वेळा मिळे. असे कितीतरी महिने गेले.

एका दुपारी मी एका बाईंना साडी उलगडून दाखवत होतो. मागून आवाज आला, “बाबा, पाणी बेकु.”

मी साडी तशीच टाकून वळलो. तिचं नाक कुणीच धरलेलं नव्हतं. “परत म्हण,” मी म्हणालो. तिनं चारदा म्हटलं, मग वैतागली. “पाणी!” त्या बाई म्हणाल्या, “आधी पोरीला पाणी द्या हो!”

पण ‘ब’ सापडल्यावर ती तो सगळीकडं वापरू लागली. ‘मला’चं ‘बला’ झालं, ‘मांजर’चं ‘बांजर’. रविवारी मामा आला तर त्याच्या गळ्यात पडून म्हणाली, “बाबा!” तो कपाळाला हात लावून बसला. “दाजी, आता म्या काय करू?” अव्वा इतकी हसली की तिला ठसका लागला.

हळूहळू दोन्ही अक्षरं जागेवर बसली. आता ती दुसरीत आहे. ओठावर बारीक रेघ आहे, आणि घाईत बोलली की आवाज थोडा नाकात जातो. अजून एक ऑपरेशन राहिलंय. नवव्या-दहाव्या वर्षी हिरडीत हाड भरायचं आहे, म्हणजे पुढचे दात नीट येतील. तिनं डॉक्टरांना विचारून ठेवलंय की त्या दिवशी शाळेला सुट्टी नक्की ना.

परवा पालकसभा होती. वर्गशिक्षिका गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, “अभ्यासात हुशार आहे. पण वर्गात फार बोलते. जरा समज द्या.”

“हो, देतो,” आम्ही दोघं मान खाली घालून म्हणालो. फाटकाबाहेर आलो आणि बायकोला हसू आवरेना. “फार बोलते म्हणे!” ती डोळे पुसत म्हणाली. लेक मधे उभी राहून आळीपाळीनं आमच्याकडं बघत होती. समज काही दिली नाही. तिघांनी आइस्क्रीम खाल्लं, आणि घरी पोचेपर्यंत ती एकटीच बोलत होती.