कोयता कानानं घ्यावा

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत बातमी होती की पहिल्या मजल्यावरच्या सत्यशीलाकाकूंच्या पलंगाखाली चाळीस कोयते आहेत, त्या ते गँगला भाड्यानं देतात, आणि त्यांचे यजमान ‘गेले’ म्हणजे नेमके कसे गेले हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

मी विचारलं. यजमान तेरा वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेले, दवाखान्यात, पाच नातेवाइकांच्या देखत. कोयते सतराच. बाकी नऊ कुऱ्हाडी आणि चौदा सुऱ्या. पलंगाखाली नाहीत, लोखंडी कपाटात. खोबरेल लावून, जुन्या धोतराच्या पट्ट्यांत गुंडाळून. आणि भाड्याचं म्हणाल, तर काकू कुणाला छत्रीसुद्धा देत नाहीत.

बातमी पसरवली पेस्ट कंट्रोलवाल्यानं. झुरळं मारायला आला, कपाट उघडं दिसलं, फोटो काढला, वॉचमनला दाखवला. संध्याकाळपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपवर. त्यात शहरात कोयते नाचवणाऱ्या पोरांच्या बातम्या रोज येत होत्या. रात्री आठला चेअरमन लिमयेकाका दोन कमिटी मेंबर घेऊन काकूंच्या दारात. मी शेजारच्याच दारात, अर्थात योगायोगानं. लिमयेकाकांचा आवाज मला फार छान जमतो. सुरुवात नाकातून करायची, मध्ये घसा साफ करायचा आणि शेवटी एक शिक्का मारायचा.

“वहिनी, आमचा तुमच्यावर संशय नाही, इन दॅट सेन्स. पण सोसायटीचं एक नाव आहे, इन दॅट सेन्स.”

“कुठलं नाव? बोर्डावरची दोन अक्षरं पडून दोन वर्षं झाली.”

“दसऱ्यापर्यंत हे सगळं तुमच्या फ्लॅटमधून गेलं पाहिजे. नाहीतर मला रीतसर तक्रार द्यावी लागेल.”

“खंडेनवमीची पूजा करून पाठवू की न करता?”

“ते आपण... तुमच्या सोयीनं.”

दार लागलं. नंतर मी डबा परत द्यायच्या निमित्तानं गेले, तर काकू कपाटासमोर स्टुलावर बसलेल्या. मी लगेच लिमयेकाका सुरू केले. एरवी त्या ‘आगाऊ’ म्हणून हसतात. त्या दिवशी नाही हसल्या.

“किलोवर जातील गं भंगारात,” म्हणाल्या. “नाहीतर भलत्या हातात. दोन्ही नको.”

काकू छत्तीस वर्षं एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. सहल निघाली की प्राध्यापक पुस्तक घेऊन पुढे आणि काकू नऊवारीचा काचा मारून, कोयता घेऊन त्यांच्याही पुढे. प्राध्यापकांनी वर बोट दाखवून लॅटिन नाव घ्यायचं, काकूंनी फांदी खाली आणायची. मुलं वहीत चित्रं काढत बसली की काकू गावातला लोहार शोधायच्या. वेल्हे, पौड, भोर, महाबळेश्वर, जिथे गेल्या तिथलं एक पातं. कुणी साड्या आणतं. आता दोन वर्षं गुडघ्यांनी राजीनामा दिलेला, म्हणून पाती नुसती तेल पीत पडलेली.

त्या पात्यांची ओळख मला त्यांनीच करून दिली होती. त्यांचं पहिलं वाक्य: “कोयता डोळ्यानं घेऊ नये, कानानं घ्यावा.” मूठ दोन बोटांत सैल धरायची आणि पात्याला नखानं टिचकी मारायची. ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्यातून घडवलेला, नीट पाणी दिलेला कोयता लांबपर्यंत ठण्ण्ण म्हणतो. आत चीर असेल तर फुटक्या बशीसारखा ‘फट’ म्हणून गप्प. मी दोन्ही आवाज तोंडानं काढून दाखवले. मग त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि एकेक वाजवला. पाचव्या दिवशी मी आवाजावरून गाव सांगायला लागले.

“कान बरा आहे तुझा,” काकू म्हणाल्या. “तोंड आवरता आलं तर माणूस होशील.”

बाकीचं त्यांचं शास्त्र हातात. मूठ पकडल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. मोठी मूठ हातातून फिरते, बारीक मूठ फोड आणते. कुऱ्हाडीच्या दांड्यावर लाकडाच्या रेषा घावाच्या दिशेनं जायला हव्यात. आडव्या असल्या तर दांडा मोडतो आणि पातं आपल्याच नडगीवर येतं. “सुंदर दिसतोय म्हणून दांडा घेणाऱ्यानं नवरीच बघावी,” इति काकू.

तर, देणार कुणाला? पहिला आला बाणेरचा भाचा, शौनक. त्याला हॉलच्या भिंतीवर सगळी रांगेनं हवी होती, वर पिवळे दिवे सोडून.

“मावशी, काय क्लासी दिसेल!”

“भिंतीवर लावायला घड्याळ घे. निदान वेळ कळेल, घरी जायची.”

दुसरा बाइकवरून आला. त्याला एकच हवा होता, सगळ्यात मोठा, आणि चार हजार द्यायला तयार होता.

“तोडणार काय?” काकूंनी विचारलं.

“तोडणार काही नाय ओ काकू. रील बनवायचीये.”

“मग पुठ्ठ्याचा कर, चंदेरी कागद लाव. लांबून कळत नाही.” आणि दार लावून घेऊन त्या बराच वेळ पाणी पीत राहिल्या. भलता हात असा दारापर्यंत आला होता.

दसऱ्याला पाच आठवडे उरले. तेव्हा मीच सांगितलं की तळजईच्या टेकडीवर काही मंडळी रविवारी सकाळी घाणेरीचं रान काढून देशी झाडं लावतात. काकूंनी नऊ पाती पोत्यात बांधली, आधार कार्ड आणि कॉलेजचा निवृत्तीचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतला आणि आम्ही रिक्षा केली. रिक्षावाल्यानं पोत्यात काय म्हणून विचारलं. “भावना,” काकू म्हणाल्या. त्यानं मीटर टाकलं.

टेकडीवर तेजस नावाचा आयटीतला दादा होता. त्याच्याकडे परदेशी काळा सुरा, पाठीवर करवतीचे दात, मुठीत होकायंत्र.

“सर्व्हायवल नाइफ आहे, आजी. फुल टँग, म्हणजे पातं मुठीच्या टोकापर्यंत सलग. हाय कार्बन.”

“होकायंत्र कशाला? खाली बिबवेवाडी दिसतेय.” काकूंनी टिचकी मारली. आवाज मी ओळखला: मुठीत पोकळ. “मार बघू त्या बुंध्यावर.”

त्यानं मारला. घाणेरीचा बुंधा वाकला, सुरा उडाला आणि दातांत साल अडकली. काकूंनी त्याचा तळवा उलटा-सुलटा पाहिला, रिकाम्या हातानं घाव घालायला लावला आणि पोत्यातून पौडचा आखूड कोयता काढून जमिनीवर ठेवला. हातात द्यायचा नाही, भांडण होतं. त्यानं वाकून उचलला आणि एका घावात बुंधा आडवा केला.

“ओ शिट,” तेजस म्हणाला.

“त्याला तेल लाव,” काकू म्हणाल्या.

त्यानंतर चार रविवार काकू तिथे दगडावर बसायच्या आणि समोर रांग. प्रत्येकाचा तळवा, प्रत्येकाचा रिकामा घाव. दोघांना त्यांनी सरळ परत पाठवलं. एकाला राग लवकर येत होता, दुसऱ्याला अजिबात घाम येत नव्हता. सुऱ्या रोपं बांधणाऱ्या बायकांकडे गेल्या. कुऱ्हाडी पण गेल्या. कपाटात एकच कोयता उरला.

तो गेनबा लोहाराचा, वेल्ह्याजवळचा. काकूंच्या नोकरीतल्या पहिल्या सहलीत वीस मुलं कारवीच्या दाट रानात वाट चुकली होती. गेनबानं भट्टीवरचा हा कोयता त्यांच्यापुढे ठेवला आणि काकूंनी तीन तास वाट काढत सगळ्यांना बाहेर आणलं. याला वाजवलं की काकू डोळे मिटतात. खंडेनवमी चार दिवसांवर होती.

“हा नाही द्यायच्या तुम्ही,” मी म्हणाले.

“देईन.”

“पैज! मी जिंकले तर मोठी मस्तानी.”

“आणि हरलीस तर दिवाळीपर्यंत या बिल्डिंगमधल्या कुणाचाही आवाज काढायचा नाही.”

मी लगेच हो म्हणाले. मला हरायची भीतीच नव्हती. शेवटच्या रविवारी त्यांनी तो नेला, चौदा हात पाहिले आणि पुन्हा गुंडाळून आणला. कुणाची मूठ बसेना. सोमवारी तर त्यांनी त्याला पुन्हा तेल लावलं. मी मस्तानीचा फ्लेवर ठरवून टाकला.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे हेमाकाकू आल्या, म्हणजे लिमयेकाकांच्या सौभाग्यवती. नवऱ्याच्या नोटिशीबद्दल वाईट वाटतं, असं सांगायला. माहेर भोरकडचं, हे आम्हाला तेव्हा कळलं. लहानपणी सरपण फोडायच्या. कोयता टेबलावरच होता. बोलता बोलता त्यांनी टिचकी मारली आणि आवाज संपेपर्यंत ऐकत राहिल्या.

काकूंनी त्यांचा तळवा मागितला. मग कोयता उचलून फरशीवर ठेवला.

“अहो, आमचे हे काय म्हणतील?” हेमाकाकू म्हणाल्या.

“त्यांना कुठे देतेय? आणि माझ्या फ्लॅटमधून गेला की नोटीस संपली.”

हेमाकाकू वाकल्या. बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली. त्या जिना चढून गेल्यावर सत्यशीलाकाकूंनी रिकाम्या कपाटाचं दार दोनदा उघडून लावलं, डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हं?”

दुसऱ्या दिवशी प्रसादाला आम्ही सगळे लिमयांकडे. पाटावर लॅपटॉप, स्कूटरची किल्ली, मिक्सर आणि मधोमध झेंडूची माळ घातलेला गेनबाचा कोयता. लिमयेकाका त्याला हळद-कुंकू वाहत, घसा साफ करत सगळ्यांना समजावत होते, “हे शस्त्र नाही, इन दॅट सेन्स. हे अवजार आहे, इन दॅट सेन्स.”

अख्ख्या हॉलनं माझ्याकडे पाहिलं. मी शिरा तोंडात कोंबला.

“काय गं,” सत्यशीलाकाकू म्हणाल्या, “घसा बसलाय का?”