वाइंडिंग खात्यातल्या बायका

लालबागच्या आमच्या चाळीत त्या वर्षांत दोनच विषय असायचे. मुंबई महाराष्ट्राला मिळणार का, आणि मिलमध्ये नवी मशिनं येणार का. पहिल्यावर वडील बोलत. दुसऱ्याची काळजी आई करी.

दोघं एकाच मिलमध्ये होती. वडील लूमवर कापड विणत, आई वाइंडिंग खात्यात. तिथे बॉबिनवरचं सूत शंकूसारख्या मोठ्या कोनावर गुंडाळायचं आणि तुटलं की चिमटीत धरून गाठ मारायची. हे काम सगळं बायकांचं.

मी नववीत होते. एका संध्याकाळी आई कामावरून आली आणि उंबऱ्यातच बसली.

"लाकडाची खोकी इली गो," ती म्हणाली. "ही एवढी मोठी. आमच्या खात्याच्या भिंतीक लावून ठेवलीत. फोडत नाय, काय सांगत पण नाय."

बोटीने आलेली नव्या मशिनांची ती खोकी दोन महिने तशीच राहिली. आईचं जेवणात लक्ष लागेना. तिला वाचता येत नव्हतं आणि मुकादमाच्या सांगण्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून शाळा सुटली की मी मिलच्या गेटवर जाऊन नोटिशीचा फळा वाचायची. फळ्यावर सुट्टीचं, पाळ्यांचं असलंच काहीतरी असे. मी पळत घरी यायची, तर आई जिन्यातच विचारी, "काय नाय ना?"

शाळेत तेव्हा सर आम्हाला पंचवार्षिक योजना शिकवत होते. धरणं, पोलाद, यंत्रं. यंत्रांनीच देशाचं दारिद्र्य जाईल, असा निबंध मी लिहिला होता आणि सरांनी तो वर्गात वाचून दाखवला होता. घरी मात्र मी ती वही दप्तरातून बाहेर काढली नाही.

वडिलांना आईची काळजी उगीचची वाटे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्यांनी लाठी खाल्ली होती, त्यामुळे चाळीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. "अगो, मुंबईसकट आपलं राज्य होऊ दे," ते म्हणत. "आज सरकार मिलमालकांचं ऐकतं, उद्या आपलं ऐकेल. मग माणूस कमी करायची कोणाची छाती नाय."

"राज्य झाल्यावर ती खोकी परत बोटीत घालणार काय तुम्ही?" आईने विचारलं.

वडील हसले. चपला घालून खाली नाक्यावर गेले.

एका रविवारी युनियनची मीटिंग झाली. वडील घरी आले आणि न जेवताच आडवे झाले. सोमवारी फळ्यावर वाइंडिंगमधून कमी करायच्या बायकांची यादी लागली होती. आईचं नाव मी तीनदा वाचलं. घरी पोचले तर आई जिन्यातच उभी होती. आईने माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं "बरां" म्हणाली.

त्यामागचं कारण कळलं ते आईच्या शेजारच्या मशीनवरच्या बाईकडून. ती पलीकडच्या चाळीतली, आईची पंधरा वर्षांची जोडीदारीण. तिचंही नाव यादीत होतं. ती आईला म्हणाली, "लूमवरचा एकपण माणूस काढायचा नाही, त्या बदल्यात आपलं खातं कमी करायचं, असं ठरलंय. हात वर करून ठरलं. तुझ्या घरच्यांचापण हात वर होता."

वडील जेवायला बसले तेव्हा आईने विचारलं, "हात वर केलात?"

"नायतर दोघंही घरी बसलो असतो."

"माका विचारलात?"

"बायकांना मीटिंगला कोण बोलावतं?" वडील बोलून गेले. मग कितीतरी वेळ ते भात नुसताच कालवत राहिले.

पुढच्या आठवड्यात ठाकूरद्वारच्या एक खादीवाल्या बाई चाळीत आल्या. गिरण्यांनी माणूस मोडला, उद्योग घराघरांत गेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. फणसवाडीत त्या अंबर चरखा शिकवत. पहिल्या दिवशी ट्रामने मी आईबरोबर गेले. बाकीच्या बायकांचा धागा तुटत होता. आईला तासाभरात चरखा साधला. बाई हरखून गेल्या. आई मात्र चरख्याच्या, सूत गुंडाळत फिरणाऱ्या चात्यांकडे बघत होती.

"चारच," ती म्हणाली. "मिलमध्ये अशा शेकड्यांनी फिरतात, बाई. त्याच्यापुढे हे सूत घेणार कोण?"

"सरकार घेईल."

"आणि नाय घेतलं तर?"

"मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या.

परतीच्या ट्राममध्ये आई म्हणाली, "खरां बोलली ती." तेवढ्यासाठी ती चार महिने जात राहिली. मग खरोखरच सुताच्या गुंड्या कपाटात साचल्या आणि वर्ग बंद पडला. बाईंनीच खटपट करून आईला परळच्या एका हॉस्पिटलात आया म्हणून लावून दिलं.

राज्य झालं त्या दिवशी चाळीला तोरणं बांधली होती. मिरवणूक निघायची होती, पण आईची सकाळची ड्यूटी होती. वडील मिरवणुकीआधी तिला परळपर्यंत सोडायला निघाले, मीही बरोबर. हॉस्पिटलच्या दारातून आई आत गेल्यावर मी विचारलं, "आता लूमवर कोणाला कमी करणार नाहीत ना?"

वडिलांनी खांद्यावरचा झेंडा सारखा केला. "बघू या," ते म्हणाले. एरवी ते "नाय करणार" म्हणाले असते. आम्ही लालबागकडे चालू लागलो.